विटेनबर्गमधील पायी फेरी: ल्यूथर यांच्या दारापाशी

जर्मनीतील विटेनबर्ग येथे ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांच्याशी निगडित स्थळे दाखवणारी दोन तासांची पायी फेरी आम्ही घेतली आणि ती मला मनापासून आवडली. पापांच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या, चर्चच्या पापक्षमापत्रांच्या विक्रीला आव्हान देणारी ९५ कलमे ल्यूथर यांनी ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी किल्ल्यातील चर्चच्या दारावर ठोकली, ही प्रसिद्ध कथा सांगताना, तसे खरोखर घडले का याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत, त्या दिवशी ल्यूथर यांनी माइन्झच्या आर्चबिशपांना (वरिष्ठ धर्मगुरूंना) पत्र पाठवले हे मात्र निश्चित आहे, असे मार्गदर्शक बाईंनी आवर्जून सांगितले. मूळ दार १७६० मध्ये जळाले. आजच्या १८५८ च्या कांस्य दारावर तीच कलमे लॅटिनमध्ये आहेत. आत ल्यूथर व त्यांचे सहकारी मेलांक्थॉन यांच्या कबरींपाशी मिळालेली पाच मिनिटे फारच अपुरी वाटली. शहरातील मुख्य चर्चच्या भिंतीवरचे ज्यूद्वेष्टे मध्ययुगीन शिल्प आणि त्याखाली १९८८ मध्ये जमिनीत बसवलेले स्मारक मात्र सावकाश दाखवले गेले. ल्यूथर यांच्या १५४३ च्या ज्यूविरोधी लेखनाचा उल्लेखही टाळला नाही, आणि या प्रामाणिकपणासाठीच मी ही फेरी सुचवीन. गट मोठा असल्याने मागे ऐकू येत नाही. शक्यतो पुढे उभे राहावे.