मंडळाची भांडी : खानापूर तालुक्यातली चांगली सोय, पण अनामतीचं बघा

लग्न, बारसं, तेरावं, काहीही असो. खानापूर तालुक्यातल्या एका गावचं मंडळ भांडी भाडं न घेता देतं. मराठी घर, कानडी घर असा भेद नाही. २०० ताटं-वाट्या, पितळी पातेली, पराती, झारे. ताटं दहा-दहाच्या चवडीने मोजून देतात, परत घेतानाही तशीच मोजतात; म्हणून भांडण होत नाही. नेण्याआधी पातेल्याचा तळ उजेडात धरून बघा. कल्हई उडून पितळ पिवळं दिसत असेल तर त्यात चिंचेची आमटी किंवा कढी करू नका, कळकते.

खरी अडचण अनामतीची. सगळ्यांना सरसकट ५०० रुपये! १६३० मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला वसाहत करायला निघालेल्या प्युरिटनांना (इंग्लंडमधल्या कडव्या प्रोटेस्टंटांना) त्यांचा पुढारी जॉन विंथ्रॉप याने सांगितलेला उसनं देण्याचा हिशेब इथे कामाचा आहे. परत करायची ऐपत आज आहे, त्याच्याशी न्यायाने व्यवहार करा. ऐपत येण्याची नुसती शक्यता आहे, त्याला बुडण्याचा धोका पत्करून उसनं द्या. तीही नसेल तर उसनं नको, गरजेपुरतं देऊनच टाका. (पुढे तिथली गावं परक्या गरिबाला वेशीबाहेर काढत, ते मात्र घेऊ नये.) मंडळाच्या वहीत हेच तीन रकाने हवेत. तेराव्याच्या घरी अनामत मागणं बरं दिसत नाही. एखादी वाटी हरवली तर मंडळाने सोसावी.

परत देताना पातेली आतून राखेने खसाखसा घासू नका, कल्हई जाते. आणि ओल्या ताटांची चवड लावू नका, डाग धरतात.