१२ अमिनो आम्लांची फाज लायब्ररी: आठ महिने वापरल्यानंतर

फाज म्हणजे जिवाणूंना लागण करणारे विषाणू. या लायब्ररीतल्या फाजांच्या अंगावर १२ अमिनो आम्लांचे वेगवेगळे पेप्टाइड (प्रथिनाचे छोटे तुकडे) असतात, त्यातून आपल्या प्रथिनाला धरणारे शोधायचे. मे महिन्यात नांदेडला पार्सल आलं तेव्हा खोक्यातला ड्राय आइस संपून गेला होता. बाहेर ४३ अंश. कंपनीशी तीन दिवस फोनवर भांडले, किट बदलून मिळालं नाही. एकच तारा द्यायचा, हे तेव्हाच ठरवलं होतं. मग टायटर लावलं, म्हणजे जिवंत फाज किती ते मोजलं, आणि राग उतरला. आकडा लेबलवर होता तेवढाच आला. लायब्ररीतला एम१३ फाज फार चिवट!

पण प्लास्टिक! किटच्या पुस्तिकेत सरळ सांगितलंय, प्रथिन पॉलिस्टायरीनच्या प्लेटवर बसवा, उरलेली जागा बीएसएने (गाईच्या रक्तातलं प्रथिन) ब्लॉक करा, पॅनिंग करा, म्हणजे लायब्ररी ओतून चिकटलेले फाज तेवढे उचला. माझं प्रथिन एएमए-१, मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरताना वापरतो ते. तीन फेऱ्या केल्या, १० निळे प्लाक (एकेका फाजपासून वाढलेले ठिपके) उचलले, सिक्वेन्स करून आणले. सातांमध्ये ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाची रेलचेल. आनंदाने एलायझा (बांधणी रंगाने दाखवणारी चाचणी) लावली, तर प्रथिन नसलेल्या विहिरीतही तेवढाच रंग. पेप्टाइड प्लेटलाच चिकटत होते. बाटलीत १० प्रयोगांपुरती लायब्ररी येते, त्यातले तीन प्रयोग माझे असे प्लास्टिकमध्ये गेले. हा धोका सगळ्यांना माहीत असलेला आहे, मग पुस्तिकेत पहिल्याच पानावर ठळक का नाही?

ऑगस्टपासून पद्धत बदलली. लायब्ररी आधी रिकाम्या प्लेटवर आणि रिकाम्या मण्यांवर फिरवून घेतली. प्रथिनाला बायोटिन लावून बांधणी द्रवातच होऊ दिली, मग बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टाव्हिडिनच्या चुंबकी मण्यांनी ओढून घेतलं. ब्लॉकिंगला एका फेरीत बीएसए, पुढच्या फेरीत दुधातलं केसिन. सिक्वेन्समध्ये एचपीक्यू (हिस्टिडिन-प्रोलिन-ग्लुटामिन) दिसलं की तो क्लोन बाजूला ठेवा, तो स्ट्रेप्टाव्हिडिनला धरणारा असतो. आणि डीएनए वाचताना टीएजी (एरवी प्रथिन संपल्याची खूण) आलं तर थांबू नका, हे फाज ज्या जिवाणूत वाढवतात त्यात त्याचा अर्थ ग्लुटामिन.

या वेळी दोन पेप्टाइड फक्त एएमए-१च्या विहिरीत रंगले. त्या रात्री लाइट गेली होती, इन्व्हर्टरवर रीडर चालवून आकडे दोनदा घेतले.

तरी घाई करत नाहीये. याच प्रथिनाला धरणारा २० अमिनो आम्लांचा आर-१ पेप्टाइडही फाज डिस्प्लेतूनच सापडला होता. तो ३डी७ जातीच्या परजीवीला पेशीत शिरू देत नाही, पण दुसऱ्या काही जातींवर त्याची मात्रा चालत नाही. म्हणून दुसऱ्या जातीचं प्रथिन मागवलंय, या वेळी पार्सल डिसेंबरात येईल असं बघितलं.

लायब्ररीला चार तारे, पुस्तिकेला एक. शेजारच्या लॅबने उरलेली लायब्ररी वाढवून वाटून घेऊ म्हटलं, मी नाही म्हणाले. वाढवताना जोमाने वाढणारे क्लोन बाकीच्यांना मागे टाकतात. उरलेले सहा प्रयोग तसेच, उणे २० अंशांत जपून ठेवलेत.