ओक्स की डर्बी?

आमची घोडी यंदा मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर कुठल्या शर्यतीत पळवायची, यावर मालकांचा रोज फोन. इंडियन ओक्स काय, इंडियन डर्बी काय, दोन्ही चार वर्षांच्यांसाठी, दोन्ही २४०० मीटर. पण ओक्सला फक्त घोड्या. डर्बीत नरांशी गाठ, बदल्यात पाठीवर वाहायच्या वजनात दीड किलोची सूट.

दीड किलो ऐकायला बरं वाटतं हो. पण डर्बीत शेवटच्या वळणावर गर्दी होते आणि हिला दोघांच्या मधून घुसायचं म्हटलं की ती कान मागे टाकते. शिवाय पहाटे जोरात पळवली की तिची निगा राखणारा मोतद्दार येऊन सांगतो, गव्हाणीत अर्धे ओट्स तसेच. दमली की खाणं सुटतं. त्यामुळे ‘दोन्ही पळवू’ हा मालकांचा तोडगा मी ऐकूनच घेत नाही.

डर्बीचा रुबाब वेगळा, बक्षीसही मोठं, मान्य. १९४३ची पहिलीच डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने मारली, हे मालक मला दर फोनला ऐकवतात. ती घोडी गव्हाण रिकामी करत असणार!

मी ओक्सवर ठाम आहे. डर्बीला आमचा तांबडा नर जाईल. वेग बेताचाच, पण गर्दीत घाबरत नाही आणि गव्हाण चाटूनपुसून साफ करतो.