मांजरांसाठीचा फेरोमोन डिफ्यूझर : काय जमते, काय जमत नाही

मांजर अचानक घाबरट झाले, दाराच्या चौकटी ओरबाडू लागले किंवा भिंतीवर लघवीचे फवारे सोडू लागले, की पशुवैद्याच्या सल्ल्यानंतर आणि पुष्कळदा त्याआधीच घरात डिफ्यूझर नावाचे, द्रव तापवून त्याची वाफ हवेत सोडणारे एक लहानसे उपकरण येते. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये बसवायचा प्लग, त्याला खालून फिरवून लावायची द्रवाची बाटली आणि वेष्टनावर औषधाशिवाय मांजर शांत करण्याचे आश्वासन, एवढाच त्याचा पसारा असतो. सेव्हा या फ्रेंच कंपनीचे फेलिवे हे यातले सर्वांत प्रसिद्ध नाव असले, तरी इतर कंपन्याही अशी उपकरणे तयार करतात आणि हे परीक्षण कोणा एका ब्रँडचे नसून या प्रकारच्या उपकरणाचे आहे. घर बदलल्यावर बिथरलेल्या चिंगी नावाच्या माझ्या मांजरीसाठी मी ते वापरले. वस्तू खोटी नाही, पण तिच्याकडून ज्या कामाची अपेक्षा केली जाते त्यातला मोठा भाग मुळात तिच्या आवाक्यातलाच नाही, असे माझे मत झाले आहे.

बाटलीत नेमके काय असते हे कळल्याशिवाय या मताला अर्थ नाही. मांजर टेबलाच्या पायाला, दाराच्या कडेला किंवा आपल्या पोटरीला गाल घासते, तेव्हा गालावरच्या ग्रंथींतला स्राव तिथे लागतो आणि ती जागा त्याच्या दृष्टीने ओळखीची ठरते. अशा रासायनिक संदेशाला फेरोमोन म्हणतात. फ्रेंच पशुवैद्य पॅट्रिक पाजा यांनी १९९०च्या दशकात या स्रावाचे पाच अंश वेगळे केले आणि त्यांतला तिसरा, म्हणजे एफ३, वस्तूंवर अशी परिचयाची खूण करण्याशी जोडलेला असल्याचे मांडले. डिफ्यूझरच्या साध्या प्रकारात याच अंशाची कृत्रिम नक्कल असते. टाळूत, वरच्या पुढच्या दातांच्या मागे उघडणाऱ्या जेकबसन इंद्रियाने मांजर असे संदेश टिपते. एखादी जागा हुंगून झाल्यावर मांजर तोंड अर्धवट उघडे ठेवून विचित्र चेहरा करते, तो याच इंद्रियाचा वापर असतो. माणसाला हा फेरोमोन जाणवत नाही. झोपेच्या गोळीसारखा तो मांजराला सुस्तही करत नाही, त्यामुळे प्लग लावल्यावर मांजर गुंगीत पडून राहील अशी वाट पाहणाऱ्याची निराशा ठरलेली आहे.

वापर सोपा आहे, पण सूचना वाचल्या नाहीत तर पैसे वाया जातात. ४८ मिलीलिटरची एक बाटली साधारण ३० दिवस पुरते आणि एका उपकरणाचा पल्ला ५० ते ७० चौरस मीटर सांगितला जातो. तो सलग मोकळ्या जागेचा आकडा आहे, बंद दारांनी विभागलेल्या खोल्यांचा नव्हे. प्लग सोफ्याच्या मागे, पडद्याआड किंवा फळीच्या खाली दडवला तर उष्णतेने वर जाणारी वाफ तिथेच अडते, आणि आपल्याकडून घडते नेमके हेच, कारण दर्शनी भिंतीवर असले उपकरण कोणालाच नको असते. खिडकीच्या वाऱ्यात ते लावणेही निरर्थक आहे. मांजर दिवसाचा बराच वेळ जिथे काढते त्या खोलीत ते अखंड चालू ठेवावे लागते. रात्री आठवणीने बटण बंद करणाऱ्या काटकसरी घरांत त्याचा उपयोग होणार नाही.

चिंगीच्या बाबतीत जे दिसले ते दोन भागांत सांगावे लागेल. नव्या घरात तिने दाराच्या चौकटीवर सुरू केलेले ओरबाडणे आणि बाहेरच्या दाराजवळ उभ्याने शेपटी थरथरवत सोडलेले फवारे हळूहळू कमी होत थांबले, आणि कोपऱ्याकोपऱ्यांवर गाल घासणे पुन्हा सुरू झाले. मांजराने जागा आपली मानल्याचे हे चांगले लक्षण आहे. दारावरची घंटा वाजली की कपाटामागे पळणे आणि पाहुणे जाईपर्यंत तिथेच दबून बसणे यात मात्र तसूभरही फरक पडला नाही. पहिल्या भागाचे सगळे श्रेय मी डिफ्यूझरला देऊ शकत नाही, कारण त्याच काळात मी घरात इतरही बदल केले होते आणि नुसत्या काळाच्या ओघातही बरीच मांजरे नव्या घराला सरावतात.

या विषयावरचे संशोधनही असेच दुभंगलेले आहे. लघवीचे फवारे मारण्यावरील उपायांच्या अभ्यासांचे एक एकत्रित विश्लेषण २०११ मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात आले आणि त्यात फ्लुओक्सेटिन व क्लोमिप्रामिन या औषधांबरोबरच फेरोमोनचाही काही उपयोग होत असल्याचा निष्कर्ष निघाला. त्याआधी, २०१० मध्ये, अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील एका आढाव्याने मात्र रुग्णालयातल्या मांजरांचा ताण कमी होण्याला किंवा मूत्राशयाच्या दाहावर फायदा होण्याला पुरेसा आधार मिळत नसल्याचे सांगितले होते, आणि त्याच नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आश्रयगृहांतील अभ्यासात फेरोमोनमुळे ताणाच्या मोजमापात फरक आढळला नाही. हे सारे एकत्र वाचले तर मला एक सुसंगत चित्र दिसते : जागेशी आणि खुणा करण्याशी निगडित वागणुकीवर या वस्तूचा थोडाफार परिणाम होऊ शकतो, पण पिंजरा, गोंगाट आणि अनोळखी माणसे यांनी आलेल्या भीतीपुढे ती अपुरी पडते. चिंगीचे दोन भागांतले वागणेही याच्याशी जुळते.

अमेरिकेतील मांजरतज्ज्ञ पशुवैद्यांची संघटना आणि आंतरराष्ट्रीय मांजरवैद्यक संस्था यांनी २०१३ मध्ये मिळून घरातल्या मांजराच्या पाच गरजा मांडल्या. सुरक्षित लपण्याची जागा, खाणे-पाणी-लिटर बॉक्स (मांजराच्या मलमूत्रासाठीचा ट्रे) यांची एकमेकांपासून दूर केलेली मांडणी, शिकारीसारख्या खेळाची संधी, माणसांचे सातत्यपूर्ण व अंदाज बांधता येईल असे वागणे, आणि मांजराच्या घ्राणेंद्रियाचा मान राखणारे वातावरण, अशा त्या गरजा आहेत. डिफ्यूझरचा संबंध यांपैकी फक्त शेवटच्या गरजेशी आहे. उरलेल्या चार जशाच्या तशा ठेवून केवळ प्लग लावणे म्हणजे छप्पर गळत असताना भिंतीला रंग देण्यासारखे आहे, आणि या उपकरणाविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ मला इथेच दिसते.

लपण्याच्या जागेचे महत्त्व तर विशेष लक्ष देण्यासारखे आहे, कारण तिला खर्च जवळजवळ नाही. नेदरलँड्समधील एका आश्रयगृहात नव्याने आलेल्या १९ मांजरांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या १० मांजरांना लपण्यासाठी खोका दिला होता आणि ९ मांजरांना दिला नव्हता. खोका मिळालेल्या मांजरांचा ताण पहिल्या काही दिवसांतच स्पष्टपणे लवकर उतरला. घंटेच्या आवाजाने पळणाऱ्या चिंगीला जो फरक डिफ्यूझरने पडला नाही, तो आतल्या शांत खोलीत, उंच कपाटावर आडवा ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याने पडला. ती अजूनही पळते, पण ठरलेल्या जागी पळते, तिथून खालचे सगळे पाहू शकते आणि पाहुणे गेल्यावर लवकर बाहेर येते. खोक्याला दोन बाजूंनी वाट ठेवावी, म्हणजे आत कोंडले गेल्याची भावना होत नाही. आणि काही झाले तरी मांजराला तिथून हाताने ओढून काढू नये; असे एकदा घडले की ती जागा सुरक्षित उरत नाही.

वासाच्या बाबतीतही बाटलीवर सगळा भार टाकण्याचे कारण नाही. मऊ सुती फडक्याने मांजराचे गाल हलकेच पुसून तेच फडके नव्या घरातल्या फर्निचरच्या कडांवर मांजराच्या उंचीला फिरवले, तर बाटलीतल्या नकलेऐवजी मांजराचा स्वतःचा अस्सल स्राव तिथे लागतो. गादी, चादर आणि पांघरूण एकाच दिवशी धुऊन टाकण्याऐवजी आलटून पालटून धुतले, तर ओळखीचा वास घरात सतत राहतो. लघवी झालेली जागा अमोनिया असलेल्या द्रावणाने न पुसता एन्झाइमयुक्त द्रावणाने स्वच्छ करावी, नाहीतर तोच वास मांजराला पुन्हा तिथे आणतो आणि बिचाऱ्या डिफ्यूझरच्या नावाने बोटे मोडली जातात.

बाटली निवडतानाही गोंधळ होतो. एफ३ची नक्कल असलेली बाटली घर, सामान आणि एकूण बदलाशी संबंधित अस्वस्थतेसाठी असते, तर एकाहून अधिक मांजरांच्या घरासाठी मिळणाऱ्या बाटलीत पिल्लांना पाजणाऱ्या मादीच्या स्तनांजवळून स्रवणाऱ्या फेरोमोनची नक्कल असते. दोन बोक्यांची मारामारी थांबावी म्हणून पहिली बाटली लावली तर चुकीच्या कुलपाला किल्ली लावल्यासारखे होते. दुसरी बाटली लावली तरी मांजरांच्या संख्येपेक्षा एक अधिक लिटर बॉक्स, वेगवेगळ्या जागी ठेवलेल्या वाट्या आणि गरज पडल्यास काही काळ पूर्ण वेगळे ठेवणे यांना पर्याय नाही.

याच फेरोमोनचा स्प्रे मला डिफ्यूझरपेक्षा अधिक हिशोबी वाटतो, कारण त्याचे काम मर्यादित आणि स्पष्ट आहे. पशुवैद्याकडे नेताना कॅरियरमधल्या पांघरुणावर तो फवारायचा आणि मांजराला आत ठेवण्याआधी किमान १५ मिनिटे थांबायचे. हे थांबणे महत्त्वाचे आहे, कारण द्रवात अल्कोहोल असते आणि त्याचा उग्र वास उडून जाण्याआधी मांजर आत गेले तर कॅरियरची नावड आणखी वाढते. मांजराच्या अंगावर मात्र तो कधीही फवारू नये. कॅरियर एरवीही दार उघडे ठेवून घरातच मांडलेला असावा, अधूनमधून त्यात खाऊ टाकावा. फक्त दवाखान्याच्या दिवशी माळ्यावरून उतरणारा कॅरियर पाहून मांजर पळाले तर त्यात नवल नाही.

शेजारच्या फळीवर असणाऱ्या इतर वस्तूंविषयी थोडक्यात. अंगाला घट्ट बसणारे जाकीट घातल्यावर पुष्कळ मांजरे गोठल्यासारखी स्थिर होतात किंवा एका कुशीवर कलंडतात, आणि ते शांत झाल्याचे नव्हे तर हालचाल खुंटल्याचे लक्षण असू शकते. मी ते घेणार नाही. कॅटनिप या वनस्पतीच्या वासाने काही मांजरे लोळतात, काही उलट चेकाळतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०० मांजरांच्या अभ्यासात सिल्व्हर व्हाइन या वनस्पतीला सुमारे ८० टक्के मांजरांनी प्रतिसाद दिला होता, तेव्हा कॅटनिपकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या मांजरासाठी ती आणून पाहायला हरकत नाही. मात्र ही खेळाची आणि मौजेची साधने आहेत, घाबरून दबलेल्या मांजरावर करायचे उपचार नव्हेत.

एका बाबतीत मात्र सौम्य शब्द वापरणे मला योग्य वाटत नाही. दिसायला अगदी अशीच, पण सुगंधी तेलांची उपकरणे ‘नैसर्गिक’ आणि ‘शांत करणारी’ म्हणून विकली जातात. मांजराच्या यकृतात काही रसायने निष्प्रभ करणारी ग्लुक्युरोनिडेशनची प्रक्रिया फार दुबळी असते, त्यामुळे टी ट्री, पेपरमिंट, निलगिरी किंवा लिंबूवर्गीय तेले त्याच्यासाठी विषारी ठरू शकतात. हवेत उडालेले तेलाचे सूक्ष्म थेंब अंगावर बसतात आणि मांजर ते चाटून पोटात घेते. वेष्टनावर घटक म्हणून फेरोमोनऐवजी तेलांची नावे असतील, तर ती वस्तू मांजराच्या घरात आणूच नये.

औषधाशिवाय हा शब्द आकर्षक आहे, पण तो तपासणीशिवाय असा वाचला जाऊ नये. लिटर बॉक्समध्ये पुन्हा पुन्हा जाऊन कुंथणारा, थेंबथेंब किंवा अजिबात लघवी न होणारा बोका हा तणावग्रस्त नसून मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि ती तासांच्या हिशोबातली आणीबाणी असते. एक दिवसाहून अधिक काळ न खाणारे मांजर, विशेषतः लठ्ठ असेल तर, यकृताच्या गंभीर विकाराच्या दिशेने जात असू शकते. वयस्क मांजराचे लपणे आणि चिडणे यांच्यामागे सांधेदुखी निघते, पोटाचे केस चाटून चाटून घालवण्यामागे त्वचेचा आजार किंवा मूत्राशयाची वेदना निघते. अशा वेळी बाटली संपेपर्यंत वाट पाहणे म्हणजे मांजराला महिनाभर दुखणे सोसायला लावणे आहे. आणि तपासणीनंतर पशुवैद्याने औषध सुचवलेच, तर ते नाकारण्यात मांजराचे काही भले नाही.

नवे घर, नवे फर्निचर, घराची रंगरंगोटी किंवा चौकटींवर ओरखडे आणि उभ्या फवाऱ्यांची तक्रार असेल, मांजराची तपासणी झालेली असेल आणि लपायला खोका, चढायला उंच जागा व रोजचा खेळ यांची व्यवस्था आधीच केलेली असेल, तर हा डिफ्यूझर मी घेण्याची शिफारस करेन. विकत घेण्यापूर्वीच्या काही दिवसांत फवारे, ओरखडे आणि लपण्याच्या वेळा एका कागदावर लिहून ठेवाव्यात आणि पहिली बाटली संपत आली की तशीच नोंद पुन्हा करावी. आकडे उतरलेले नसतील तर दुसरी बाटली आणू नये. उतरलेले असतील तर दुसरी बाटली आणावी, ती संपवून प्लग काढावा आणि त्यानंतरही नोंद चालू ठेवावी, कारण फवारे परत सुरू झाले नाहीत, तर पुढच्या रिफिलवर खर्च करण्याचे कारण उरत नाही.