स्पाइस गर्ल्स की लिटिल मिक्स, कोणाचा रस्ता जास्त अवघड होता?

दोन्ही ब्रिटिश, दोन्ही गर्ल ग्रुप, पण फेमस व्हायची गोष्ट एकदम वेगळी. स्पाइस गर्ल्सचं म्हणाल तर 1994 ला 'द स्टेज' पेपरात जाहिरात आली, ऑडिशन झाल्या, मॅनेजमेंटने पोरींना मेडनहेडच्या एका घरात ठेवून गाणं-नाच घोटून घेतला, आणि 1995 ला या पोरींनी त्याच मॅनेजमेंटला रामराम ठोकला! मग नवा मॅनेजर सायमन फुलर, व्हर्जिन रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी, आणि जुलै 1996 मध्ये 'वॉनाबी' हे गाणं आलं ते यूकेत सात आठवडे नंबर वन, पुढच्या वर्षी अमेरिकेतही. पोरींची पॉश, स्पोर्टी, बेबी ही टोपणनावं तर एका मॅगझिनवाल्यांनी ठेवली होती, आणि बघा, तीच त्यांचा ब्रँड झाली.

लिटिल मिक्सचं उलट. 2011 च्या एक्स फॅक्टर या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेला चौघी एकेकट्या आल्या, शोनेच त्यांना एकत्र केलं. आधीचं नाव रिदमिक्स होतं, त्या नावाची संस्था आधीच निघाली म्हणून शो चालू असताना बदलावं लागलं. तरी जिंकल्या, यूकेच्या एक्स फॅक्टरला जिंकणारा पहिलाच ग्रुप.

आता लोक म्हणतात टीव्हीवाल्यांना सगळं आयतं मिळतं. प्रेक्षक मिळतात हो, पण शो संपला की किती विनर लक्षात राहतात? यांनी 2012 ला 'विंग्ज' हे गाणं यूकेत नंबर वनला नेलं आणि पुढे दशकभर टिकल्या. धाडसाला मार्क द्यायचे तर स्पाइस गर्ल्स, पण टिकायच्या बाबतीत माझं मत लिटिल मिक्सला, कारण स्पाइसमधली जेरी 1998 लाच बाहेर पडली होती.