थकलेले पैसे: कोर्ट की लवाद?

माल पोचला, पण परदेशी खरेदीदार पैसे देत नाही. अशा वेळी खरा प्रश्न निकाल कुठे लवकर लागेल हा नसून, निकालानंतर वसुली कुठे होईल हा आहे. खरेदीदाराची मालमत्ता त्याच्या देशात असते आणि तुमच्या कोर्टाचा हुकूमनामा तिथे आपोआप चालत नाही; दोन देशांत तसा करार नसेल तर अनेकदा नव्याने दावा लावावा लागतो. लवादाचा, म्हणजे दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या खाजगी पंचाचा, निवाडा मात्र १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे १७० हून अधिक देशांत अंमलात आणता येतो आणि तो नाकारण्याची कारणे मोजकीच आहेत. म्हणून माझा कल लवादाकडे.

पण रक्कम लहान असेल तर लवादाचा खर्चच ती गिळतो. तिथे खरेदीदाराच्याच देशातले कोर्ट बरे, विशेषतः त्याने मालाबद्दल तक्रारच केली नसेल तर. लवादात अपीलही सहसा नसते.

व्याजाचे कलम दोन्हीकडे लागते. आंतरराष्ट्रीय माल विक्रीबद्दलचा १९८० चा व्हिएन्ना विक्री करार थकबाकीवर व्याजाचा हक्क देतो, दर सांगत नाही. तो दर खरेदीदाराशी केलेल्या करारातच लिहा.