“अजून 20 इंच मासे बसतील”

सांगलीत विश्रामबागेतल्या एका गिऱ्हाइकाला दुकानदाराने 3 × दीड × दीड फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी विकली आणि वहीवर हिशेब मांडला: 191 लिटर म्हणजे 50 गॅलन, गॅलनला माशाच्या लांबीचा एक इंच, म्हणजे 50 इंच मासे. 30 इंच विकून झाल्यावर “अजून 20 बसतील”. महिन्याभरात चार मासे मेले. मग “पाणी तुम्हीच खराब केलंत” म्हणून बॅक्टेरियाची बाटलीही गळ्यात मारली.

191 हे काचेचं बाहेरून घेतलेलं माप. वरची दोन इंच रिकामी सोडून वाळू आणि दगड घातले की पाणी उरतं जेमतेम 140 लिटर, म्हणजे पिण्याच्या पाण्याचे 20 लिटरवाले सात जार. टाकी भरतानाच जार मोजा. मिठाचा हिशेबही याच आकड्यावर धरायचा.

गॅलनला इंच हा मुळात गोड्या पाण्यातल्या लहान माशांसाठीचा ढोबळ अंदाज. ब्लू टँग हा निळा समुद्री मासा दुकानात तीन इंचांचा असतो, वाढून फूटभर होतो. त्याला सहा फुटी टाकीही फार मोठी नाही. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं आणि घाणही वाढते, हे त्या वहीत कुठे बसतं? मँडरिन या छोट्या रंगीत माशाचं उलट. घाण नगण्य, पण तो दगडांवरचे जिवंत कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी जीव) टिपून जगतो. नव्या टाकीत बहुतेक वेळा उपाशी मरतो.

टाकीला किती झेपतंय ते नायट्रेट सांगतं, म्हणजे माशांच्या घाणीतून शेवटी पाण्यात साचत जाणारा क्षार. खाणं रोजच्यासारखं ठेवा, पाणी बदलू नका, आज आणि बरोबर सात दिवसांनी थेंबांच्या किटने तपासा. आठवड्याला 10 पीपीएम (दहा लाख भागांत 10 भाग) वाढत असेल आणि तुम्ही दर आठवड्याला 10 टक्के पाणी बदलत असाल, तर आकडा चढत चढत 100ला जाऊन टेकतो. 20 टक्के बदललंत तरी 50. कोरलच्या (प्रवाळांच्या) टाकीत तो 10च्या आसपास हवा. दुकानातल्या फुकट चाचणी-पट्टीवर भरवसा नको; पुष्कळ पट्ट्यांवर माशांना विषारी असलेल्या अमोनियाचा रकानाच नसतो.

पहाटे, दिवे लागायच्या आधी, मासे वर येऊन तोंड मारत असतील तर ऑक्सिजन कमी पडतोय. अशा भरलेल्या टाकीत उन्हाळ्यात लाइट गेली की दोन-तीन तासांतही मासे जाऊ शकतात. बॅटरीचा एअर पंप ठेवाच.

पैसे देण्याआधी बिलावर प्रत्येक माशाचं नाव आणि पूर्ण वाढीची लांबी लिहून मागा. विश्रामबागेच्या बिलावर फक्त “मासे, 30 इंच” एवढंच होतं.